बोआची जोडी लावायची आहे, साताऱ्याच्या थंडीत तयारी कशी करावी?

कंदीपेढा (सातारा) | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बोआ सापांची जोडी आहे. दोन्ही इम्परेटर, म्हणजे मध्य अमेरिकेकडचा बोआ. मादी साडेचार वर्षांची, सहा फुटांच्या थोडी वर, वजन साडेचार किलोच्या आसपास. नर तीन वर्षांचा, सडसडीत. दोघांची नोंदणी झालेली आहे, कागद फाइलला आहेत. हे आधीच सांगतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच येतील.

या हिवाळ्यात जोडी लावायचा विचार आहे. परदेशी ब्रीडर लोकांचं सगळ्यांचं एकच म्हणणं दिसतं: दोन महिने थंडावा द्या, मग नर सोडा. आता आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर १२-१३ अंश असतात आणि माझी वरची खोली १७ पर्यंत उतरते. एक मित्र म्हणाला, हीटर बंद कर की झालं, फुकटचा थंडावा. खरं आहे का? शिवाय नर मादीच्या पेटीत सोडायचा की उलट? किती दिवस?

---

कऱ्हाडचा_सर्पमित्र | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

त्या मित्राला आधी बाजूला ठेव.

बोआ शीतनिद्रा घेत नाही. त्याच्या मुलखात रात्र गार होते, पण सकाळी ऊन येतंच. त्यामुळे आपल्याला फक्त रात्र उतरवायची असते, दिवस नाही. दिवसा पेटीच्या एका कोपऱ्यात २९-३० अंशांची ऊब हवीच. फक्त ती मिळण्याचे तास कमी करायचे. एरवी बारा तास देत असशील तर सात-आठ कर. रात्री २२ च्या आसपास येऊ दे. २१ च्या खाली मी जात नाही.

आपल्याकडची अडचण परदेशातल्या लोकांच्या बरोबर उलटी आहे. ते बंद, गरम केलेल्या घरात थंडी तयार करतात. आपल्याला थंडी अडवावी लागते. म्हणून हीटर बंद करायचा नाही, रात्रीचा थर्मोस्टॅट २२ ला लावून ठेवायचा. खोली १५ ला गेली तरी पेटी २२ लाच थांबते. आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर मादी जिथे झोपते तिथे टेकव, छताला टांगू नकोस. छताचं तापमान तिच्या काय कामाचं?

हे एका रात्रीत करायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत अंशाअंशाने खाली ये. आणि त्याआधी खाणं बंद. शेवटचा उंदीर दिल्यावर किमान दोन आठवडे नेहमीची ऊब ठेवायची, शी झालेली बघायची, मगच उतरायला लागायचं. पोटात अन्न आणि वरून थंडी म्हणजे ते आत सडतं. साप गमावण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

थंडावा सुरू असताना रोज कानाने आणि डोळ्याने तपासायचं. शिट्टीसारखा श्वास, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर धरणं, यातलं काहीही दिसलं की त्या वर्षीचा बेत रद्द. चोवीस तास ऊब आणि डॉक्टर.

---

मिरज_जंक्शन | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

बाकी सगळं ठीक, घरच्यांना सांगितलंय का? 😄

---

कंदीपेढा | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

आईला माहीत आहे. वरच्या मजल्यावर ती येत नाही, एवढाच तह आहे.

---

गुरांचा_डॉक्टर (सांगली) | १५ ऑक्टोबर, दुपारी २:१५

माझं रोजचं काम म्हशी-गाईंचं, पण साप बघतो. कंदीपेढा, थंडीच्या आधी तुमच्या मादीच्या अंगाबद्दल बोलू.

सव्वासहा फुटाला साडेचार किलो म्हणजे वाईट नाही, पण मी फोटो बघितल्याशिवाय 'छान' म्हणणार नाही. ती वळसा घेते तेव्हा कातडीला घड्या पडून खवल्यांमधली त्वचा दिसते का? शेपूट जिथे सुरू होते तिथे दोन्ही बाजूंना गादी आलीय का? असेल तर ती लठ्ठ आहे. आपल्याकडे लोकांना वाटतं की वेताला काढायची म्हणजे भरपूर चारायची. गाईलासुद्धा हे लागू नाही, सापाला तर नाहीच. चरबीने भरलेल्या माद्या फोलिकल (अंडाशयातली बीजं) धरत नाहीत, किंवा धरल्या तर पिल्लांऐवजी स्लग टाकतात, म्हणजे पिवळे, निर्जीव गोळे. यकृतावर चरबी साठते ती वेगळीच. हळूहळू वाढवलेली, चार वर्षं ओलांडलेली, स्नायू लागणारी मादी हवी. वयाची किंवा वजनाची नुसती रेघ ओलांडली म्हणजे ती तयार झाली असं होत नाही.

दुसरं, आयबीडी. इन्क्लूजन बॉडी डिसीज. हा रेप्टारिनाव्हायरस नावाच्या विषाणूंचा आजार आहे, २०१२ मध्ये ते ओळखले गेले. बोआ हा विषाणू बाळगून वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो. खातो-पितो, कात टाकतो, काही कळत नाही. पुढे कधीतरी खाल्लेलं ओकतो, मान आभाळाकडे वळवून बसतो. उपचार नाही. आणि तो आई-बापाकडून पिल्लांत जातो. म्हणजे दोघांपैकी एक जरी बाधित असला तरी तुम्ही वेतभर आजारी पिल्लं लोकांच्या घरी पाठवाल. रक्ताची तपासणी दोघांचीही करून घ्या, नुसती मादीची नको. नमुना कुठे पाठवायचा ते व्यनित (वैयक्तिक निरोपात) सांगतो.

पिसवा-गोचिडासारखे बारीक काळे ठिपके पाण्याच्या भांड्यात दिसतात का तेही बघा. ते माइट. एका पेटीत दिसले तरी जोडी लावू नका, दोन्हीकडे होतील. विषाणू पसरवण्यातही त्यांच्यावर संशय आहे.

---

शिराळकर | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४८

आमच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला नाग पकडायची पिढ्यान् पिढ्यांची पद्धत होती, ती उच्च न्यायालयाने थांबवली. त्यावर गावात अजून दोन तट आहेत. आमच्या मातीतला नाग हातात धरला तर गुन्हा, आणि साता समुद्रापलीकडला बोआ घरात ठेवून त्याची पिल्लं काढली तर छंद! हे काय मला उमजत नाही राव. चिडून नाही, खरंच विचारतोय.

---

कलम_४९ (सातारा) | १५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

शिराळकर, प्रश्न रास्त आहे. देशी साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. ती रानातली संपत्ती, खासगी ताबा नाही. परदेशी प्राण्यांबाबत अनेक वर्षं मोकळं रान होतं. जून २०२० मध्ये केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याची मुभा दिली. मग २०२२ ची दुरुस्ती आली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिने साइटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती अनुसूची ४ मध्ये आणल्या. बोआचं अख्खं कुळ साइटिसच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. अपवाद थोडेच, त्यातला एक अर्जेंटिनाचा बोआ, तो परिशिष्ट १ मध्ये. परिशिष्ट १ मधल्या प्राण्याचं प्रजनन करायचं तर वेगळी नोंदणी-परवाना लागतो.

त्यामुळे धागाकर्त्याला मोकळीक आहे असं नाही. कलम ४९ एम खाली ताबा, हस्तांतरण आणि जन्म नोंदवायचा, मृत्यू कळवायचा. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनंतर हे केंद्राच्या परिवेश २.० पोर्टलवर होतं. म्हणजे पंचवीस पिल्लं झाली तर पंचवीस जन्म कागदावर आले पाहिजेत. त्यातली मेली तर तेही. आणि ज्याला देणार त्याच्या नावावर हस्तांतरण. 'मित्राला असंच दिलं' हा प्रकार आता चालत नाही.

---

नवखा_पाटील | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

सर मांडूळ पण सॅन्ड बोआच आहे ना. त्याची अशी जोडी लावता येईल का? आमच्या रानात सापडतो. दोन किलोच्या वर गेला की लई रेट आहे म्हणतात

---

कऱ्हाडचा_सर्पमित्र | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:३१

नाही. मांडूळ आपला देशी साप, संरक्षित. पकडणं, बाळगणं, विकणं, सगळं गुन्हा. तो 'रेट' म्हणजे गुप्तधनाच्या नावाने चाललेली फसवणूक आहे. दोन तोंडंही नसतात, शेपूट बोथट असते इतकंच. रानात आहे तिथे राहू दे, उंदीर खातो तुझ्या शेतातले.

यावर इथे अधिक चर्चा नको.

---

मॉर्फवेडा (इस्लामपूर) | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:५५

रंग (मॉर्फ) कोणते आहेत दोघांचे? त्यावर बरंच अवलंबून आहे.

---

कंदीपेढा | १६ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मादी साधी. नर अल्बिनो, विकणाऱ्याने काहल म्हणून दिला होता. पुढेमागे दुसरी अल्बिनो मादी घ्यावी असं डोक्यात आहे.

---

मॉर्फवेडा | १६ ऑक्टोबर, दुपारी २:०५

मग आत्ताच ऐका. अल्बिनो अप्रभावी गुण आहे, तुमची मादी त्याची वाहक नसेल तर सगळी पिल्लं दिसायला साधी येतील, आणि प्रत्येक जण वाहक असेल. त्यात गैर काही नाही, पण विकताना ते लिहून द्या.

दुसरी मादी घेताना तिचा वाण विचारा. बोआत काहल आणि शार्प असे दोन अल्बिनो वाण प्रसिद्ध आहेत. दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात पण जनुक वेगळा. काहल नर आणि शार्प मादी, दोघं पांढरे-पिवळे धमक, आणि पिल्लं सगळी साधी! लोक मग विकणाऱ्याला शिव्या घालतात. मोटली नावाचा प्रकार असेल तर मोटलीला मोटली लावू नका. दोन्हीकडून तो गुण आलेली पिल्लं फारशी जगत नाहीत.

माझं वैयक्तिक मत, साधा, जिथला तिथला, वंशावळ माहीत असलेला बोआ यापेक्षा देखणा असतो. पण माझंच नाव मॉर्फवेडा असल्याने कोणी ऐकत नाही.

---

हळदबाजार (सांगली) | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

मी विरोधी पार्टी. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. वेत साधारण वीस-पंचवीसचं, कधी दहा, कधी पन्नासच्याही वर. प्रत्येक पिल्लू दीड फुटाचं. नंतर प्रत्येक वीस-पंचवीस वर्षं जगणार, मादी सात-आठ फूट होणार. सातारा-सांगली जिल्ह्यांत मिळून इतक्या मोठ्या सापाला आयुष्यभर नीट सांभाळणारी किती घरं आहेत? दादा, तुम्ही तापमान विचारलंत, नर कुठे सोडायचा विचारलंत. पिल्लं कुठे जाणार हे विचारलंच नाहीत.

आणि २०१९ ला आमच्या गल्लीत कृष्णेचं पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं. २०२१ ला पुन्हा. अशा वेळी तीस पेट्या कोण उचलणार? एखादा बाहेर गेला तर? अरूबा बेटावर १९९९ मध्ये बोआ पहिल्यांदा सापडला, आता तिथून तो हटत नाही. पोर्तो रिकोत तेच. आपल्या उसाच्या फडात त्याला काय कमी पडेल? उंदीर भरपूर, पाणी भरपूर.

---

कऱ्हाडचा_सर्पमित्र | १६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

ताईंचं म्हणणं मी पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी मुद्दाम नाही लिहिलं, कारण हा प्रश्न विचारणाऱ्याने स्वतः सोडवायचा असतो. पण आलाच आहे तर माझा नियम सांगतो: जितकी पिल्लं मी स्वतः दोन वर्षं खाऊ घालू शकतो तितक्यांची तयारी असेल तरच जोडी लावायची. गिऱ्हाईक येईल या भरवशावर नाही. पिल्लाला पहिले महिने दहा-बारा दिवसांनी एक लहान उंदीर लागतो. पंचवीस पिल्लं धर आणि हिशेब कर. शिवाय प्रत्येकाची वेगळी डबी, वेगळं पाणी, कुलूप.

पुराचं बरोबर आहे. साताऱ्यात डोंगराच्या पायथ्याला पाणी येत नाही, पण सांगलीकरांनी तळमजल्यावर हा छंद करू नये.

---

कंदीपेढा | १७ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

ताई, पटलं. वाईत एक आणि पुण्यात दोन, असे नोंदणी असलेले तिघे आधीपासून ओळखीचे आहेत, तरी सगळी पिल्लं जाणार नाहीत हे उघड आहे. उरलेली ठेवायची असं धरून रॅक बनवायला सुताराशी बोलतो. रक्त तपासणी करतो. डॉक्टरांना फोटो पाठवलेत. तपासणी स्वच्छ आली तरच पुढे.

---

गुरांचा_डॉक्टर | १९ ऑक्टोबर, दुपारी ४:००

फोटो बघितले. मादी चांगली आहे, किंचित जड. आता खाणं थांबणारच आहे, त्यात बसेल. नर उत्तम, बारीकच असावा. नर या काळात स्वतःहून अन्न सोडतात, तेव्हा घाबरू नका. तो नरच आहे ना हे मात्र पक्कं करा. गुदद्वाराच्या दोन बाजूंची नखं नरात मोठी, आकड्यासारखी असतात, पण माद्यांतही कधी ठळक दिसतात. प्रोब (बारीक सळई) घालून बघणं खात्रीचं: नरात ती आठ-दहा खवल्यांइतकी आत जाते, मादीत दोन-चार. स्वतः करू नका, शिकलेल्या हातानेच.

---

कंदीपेढा | ८ डिसेंबर, रात्री १०:१०

धागा वर काढतोय. दोघांचीही तपासणी निगेटिव्ह. नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री हळूहळू उतरवत आता २२ ला स्थिर आहे. दिवसा आठ तास ऊब. काल लाइट गेली तेव्हा खोली १६ ला होती, इन्व्हर्टरवर पेटी टिकली. दोघांचा श्वास स्वच्छ. आता नर सोडू का?

---

कऱ्हाडचा_सर्पमित्र | ८ डिसेंबर, रात्री १०:५५

सोड. नराला मादीच्या पेटीत. तिचा वास तिथे मुरलेला असतो, तो लवकर कामाला लागतो. तिची जुनी कात असेल तर ती आधी दोन दिवस त्याच्या पेटीत टाक.

पहिल्या तासात बघत बस. दोघं एकमेकांवरून सरकतील, तो झटके देत तिच्या पाठीवरून जाईल, जीभ सारखी आत-बाहेर, आणि नखांनी तिच्या कुशीला खाजवेल. हा आवाज येतो, खसखस असा. ती शेपूट उचलून देत नाही तोवर काही होत नाही. जोडली की तासन् तास राहतात, मध्ये हात घालायचा नाही. दहा-पंधरा दिवस एकत्र, मग आठवडाभर वेगळे, पुन्हा एकत्र. काहीच हालचाल नसेल तर वेगळं करून परत सोडल्यावर बहुधा जागे होतात. अवकाळी पावसाचं वातावरण झालं की हमखास, हे अनेक जण सांगतात आणि मीही पाहिलंय. पेटीत पाणी फवारूनही बघ.

एकत्र असताना खायला द्यायचं नाही. एकाच उंदराला दोघं लागले तर मोठा दुसऱ्याला गिळायलाही कमी करत नाही.

---

मिरज_जंक्शन | ९ डिसेंबर, सकाळी ८:००

मध्येच एक शंका. नराशिवाय बोआला पिल्लं होतात असं वाचलं. थाप?

---

मॉर्फवेडा | ९ डिसेंबर, सकाळी ११:४०

थाप नाही. 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात २०१० च्या अखेरीस शोधनिबंध आला होता. एका मादीने दोन वेतांत बावीस पिल्लं दिली, सगळ्या माद्या, आणि जनुकीय तपासणीत बापाचा अंशच नाही. गंमत म्हणजे तिच्याजवळ नर ठेवलेले होते. पण हे दुर्मीळ. कंदीपेढांनी नराला नोकरीवरून काढू नये.

---

कंदीपेढा | १५ मार्च, रात्री ८:२५

जानेवारीत आणि फेब्रुवारीत जोडलेले पाहिले. मादी गेल्या महिन्यापासून गार बाजूला पडून असायची. काल सकाळी तिचं पोट मध्यावर असं फुगलं होतं की मी विचारात पडलो, हिने काय गिळलं! आज बरंच उतरलंय. हेच का ते?

---

गुरांचा_डॉक्टर | १५ मार्च, रात्री ९:१०

हेच. ओव्ह्युलेशन, म्हणजे बीजं सुटणं. फुगवटा साधारण दिवसभर टिकतो, अनेकांच्या नजरेतून सुटतो. तुम्हाला दिसला, तारीख लिहून ठेवा. आता नर काढा, रात्रीची थंडी बंद करा, ऊब पूर्ववत. खात्री हवी असेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून बघा, सोनोग्राफीत दिसेल. पण घाई नको, आता तिला उगाच प्रवास घडवू नका.

दोन-तीन आठवड्यांत ती कात टाकेल. खरा हिशेब त्या कातीपासून धरायचा.

---

कंदीपेढा | २ एप्रिल, सकाळी ७:१५

कात पडली! अखंड, एका तुकड्यात.

---

कऱ्हाडचा_सर्पमित्र | २ एप्रिल, सकाळी ७:४०

भले. या कातीपासून शंभर ते एकशेवीस दिवस, बहुतेकदा एकशेपाचच्या आजूबाजूला. म्हणजे जुलैचा मध्य. मध्य अमेरिकेतही पिल्लं पावसाळ्यातच येतात, त्या वेळी त्यांना खायला मिळतं. आपला मान्सून तिला परका वाटणार नाही.

आता थंडीचं विसर, उन्हाळ्याचं बघ. गाभण मादी ऊब शोधते, तासन् तास पोट वर करूनही पडते, ते ठीक आहे. गरम टोक ३१-३२ पुरे. पण एप्रिल-मेमध्ये तुझी वरची खोली पत्र्याखाली असेल तर दुपारी अख्खी पेटीच ३६ ला जाईल आणि तिला पळायला गार कोपरा उरणार नाही. पिल्लांना तिथे इजा होते. पेटी खालच्या मजल्यावर आण, नाहीतर छतावर गोणपाट टाकून पाणी मार.

---

कंदीपेढा | २ एप्रिल, सकाळी ८:०५

खालच्या मजल्यावर म्हणजे आईशी केलेला तह मोडतो. गोणपाट.

खाणं द्यायचं का तिला?

---

गुरांचा_डॉक्टर | २ एप्रिल, सकाळी ९:३०

मागितलं तर लहान उंदीर, अंतराने. नाकारलं तर आग्रह नको. बऱ्याच माद्या बाळंत होईपर्यंत काही घेत नाहीत. ही पहिलटकरीण आहे, तेव्हा प्रसूतीत अडली तर काय, हे आत्ताच ठरवून ठेवू. माझा नंबर व्यनित आहे. पिल्लं पातळ पडद्यात येतात, ती स्वतः फाडून निघतात. नाळेचा बलक लोंबत असेल तर ओढू नका, ओल्या टिश्यूवर ठेवा. पहिली कात आठवडा-दोन आठवड्यांत टाकतील, त्यानंतरच पहिला घास. आणि मादीला पुढच्या हिवाळ्यात सुट्टी. दरवर्षी वेत काढणारे लोक आहेत, माझ्याकडे त्यांच्या माद्या येतात.

---

हळदबाजार | २ एप्रिल, दुपारी १:१२

रॅक झाला का तयार?

---

कंदीपेढा | २ एप्रिल, दुपारी १:३०

झाला ताई. चाळीस डब्यांचा, प्रत्येकाला कडी. परिवेशवरची जन्मनोंद कशी भरायची ते कलम_४९ यांनी समजावलंय.

---

नवखा_पाटील | २ एप्रिल, दुपारी १:५०

एक पिल्लू मला मिळेल का दादा

---

कंदीपेढा | २ एप्रिल, दुपारी २:०५

पेटी, थर्मोस्टॅट आणि खोलीचा फोटो व्यनि करा. मांडुळाचा रेट विचारणार नसाल तर बोलू.